आपल्या गावात वाकडी गल्ली का नाही? तिसरी-चौथीच्या एका वर्गाचं प्रकरण

हे प्रकरण लातूर-धाराशिवच्या शिवेवरच्या एका पुनर्वसित गावातलं आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथीचा वर्ग एकत्र घेते. पट २३. गावाचं, मुलांचं आणि त्यांच्या घरच्यांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. पुढं जे घडलं त्यात एका घरचं दुःख आहे आणि त्यावर हक्क त्यांचाच आहे.

जून २०२३. शाळा नुकतीच सुरू झाली होती. परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना सांगितलं, आपल्या गावाबद्दल प्रत्येकानं तीन प्रश्न वहीत लिहा. वह्या गोळा केल्या. ‘आपल्या गावाचे नाव काय? गावाचे सरपंच कोण आहेत? गावातील मुख्य पीक कोणते?’ २३ वह्यांत थोड्याफार फरकानं हेच. भाषासुद्धा त्यांची नव्हती. घरी ‘लई’, ‘कुठं’, ‘का बरं’ म्हणणारी लेकरं वहीत ‘गावातील’ आणि ‘कोणते’ लिहीत होती. धड्याखालच्या स्वाध्यायात असतात तसे ते प्रश्न होते, उत्तर आधीच ठरलेले. प्रश्न मोठ्यांनी विचारायचा आणि ज्याला उत्तर येत नाही त्या लहानानं मान खाली घालायची, एवढंच त्यांना आजवर आम्ही शाळेनं शिकवलं होतं.

तिसरीतल्या काहींचं आणखी वेगळं. ‘विचारा’ म्हटलं की ती सांगायलाच लागत. ‘मॅडम, आमची म्हैस व्याली.’ सात-आठ वर्षांच्या लेकराला सांगणं आणि विचारणं यांतला फरक लगेच उमजत नाही, हे पहिली-दुसरी घेणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पूर्वी मी म्हणायचे, ‘हा प्रश्न नाही, खाली बस.’ या वेळी तसं केलं नाही. म्हैस धरूनच पुढं गेले. तिला दिवसाला किती घागरी पाणी लागतं? आणतं कोण? मुलीनं बोटं मोजली. ‘सहा. आक्का चार आणती, मी दोन.’ मग जरा थांबली आणि स्वतःच म्हणाली, ‘दादा का नाही आणत?’

वर्ग गप्प झाला. त्या वर्षातला तो आमचा पहिला खरा प्रश्न. तो कुणाच्याच वहीत नव्हता.

त्यावरून मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही आणि मॅडमलाही ठाऊक नसावं असं वाटतं, तोच प्रश्न वर्गात आणायचा. दुसरी, पहिले पंधरा दिवस ‘का’नं सुरुवात करायची नाही. किती, कुठं, कुणाचं, कधीपासून, एवढंच विचारायचं. लहान मुलानं एकदम ‘का’ विचारलं की मोठी माणसं ‘असंच असतंय’ म्हणून वाटेला लावतात. पण घागरी मोजून आलेल्या लेकराला तसं उडवून लावता येत नाही. मोजताना ‘का’ आपोआप येतो, हे त्या मुलीनंच मला दाखवलं होतं.

जुलैच्या मध्यात चौथीतली एक मुलगी मामाच्या गावाहून आली. निलंगा तालुक्यातलं जुनं, मूळ जागीच असलेलं गाव. आल्या आल्या तिनं विचारलं, ‘मॅडम, आपल्या गावात वाकडी गल्ली का नाही?’

मी या गावात सहा वर्षं शिकवते. रोज त्याच रस्त्यांनी जाते. गल्ल्या सरळ आहेत, एकमेकींना काटकोनात छेदतात, घरं रांगेत आहेत, हे मला दिसत होतं आणि तरी मी कधी पाहिलं नव्हतं. मला उत्तराचा अर्धा भाग माहीत होता. तो मी सांगितला नाही. ‘कुणाला विचारायचं?’ एवढंच म्हणाले. मुलांनी यादी केली: आज्जी, आबा, सरपंच, किराणावाले काका. आईबाप यादीत आलेच नाहीत. एकानं कारणही दिलं, ‘पप्पा तवा बारके होते.’

इथं जरा मागचं सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का, मृत्यू सुमारे १० हजार. याहून मोठ्या भूकंपांतही अनेकदा इतकी माणसं जात नाहीत. इथं मारलं ते घरांनी. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर झोपेत अंगावर आलं. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेचं कर्ज आणि देशभरातल्या संस्थांची मदत घेऊन. आमचं गाव त्यांतलं एक. जुनं गाव इथून तीनेक किलोमीटरवर आहे. ते आजही ‘जुनं गाव’, आणि हे तीस वर्षांनीही ‘नवं गाव’च.

मुलांच्या कानावर भूकंप हा शब्द होता. दरवर्षी तीस सप्टेंबरला श्रद्धांजली होते, तेव्हा ती रांगेत उभी राहतात. पण ती राहतात ते घर, तो रस्ता आणि तो शब्द यांची त्यांच्या डोक्यात गाठ पडलेली नव्हती.

ऑगस्ट कोरडा गेला. सोयाबीन माना टाकायला लागलं होतं आणि मोठी माणसं आभाळाकडं बघत ओसरीवर बसून असायची. मुलांना माणसं भेटायला ते बरं पडलं. आम्ही घरं मोजायला घेतली. शाळेतला टेप, नसेल तिथं पावलं. अडचण लगेच आली. तीस वर्षांत प्रत्येकानं घर वाढवलेलं. कुणी पुढं पत्र्याचं शेड, कुणी मागं दोन खोल्या. मग ‘घर किती मोठं?’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न आला: ‘पहिल्यापासूनची भिंत कंची?’ आणि तो फक्त म्हातारी माणसंच सांगू शकत होती. मी ठरवून हे घडवून आणलं असतं तर इतकं नीट जमलं नसतं. टेप धरून आलेल्या नातवाला आज्जी भिंतीवर हात ठेवून सांगू लागली, हितपर्यंत सरकारी, हितून फुडं आपली.

एका मुलाच्या लक्षात आलं की सरकारी भिंतीत खिडकीच्या वरून आडवा सिमेंटचा पट्टा जातो. रंग उडालेल्या ठिकाणी तो वेगळा दिसतो. वाढीव खोल्यांना तसा पट्टा नव्हता. त्यानं बोटानं पट्टा घराभोवती फिरून दाखवला आणि कोपऱ्याशी, जिथं तो संपत होता, तिथं बोट तसंच ठेवून उभा राहिला. ‘हितून पुढं का नाही?’

गावातल्या एका गवंड्याला आम्ही वर्गात बोलावलं. त्यांनी चपलेच्या रिकाम्या खोक्याचं झाकण काढलं, ते हलवून दाखवलं, मग त्याला चारही बाजूंनी सुतळी आवळून बांधली आणि परत हलवलं. पट्टा ही सुतळी. भिंती एकमेकींना सोडत नाहीत. मी बी.एड.ला शिकले त्यात इतकं चांगलं प्रात्यक्षिक मला आठवत नाही. ‘मग लोक नव्या खोलीला का टाकत नाहीत?’ ते म्हणाले, सळई लागते, सिमेंट लागतं, लोक म्हणतात ऱ्हाऊ द्या. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘तुमच्या घराला हाय का काका?’ ते थोडा वेळ थांबले. ‘एका खोलीला हाय. दुसरीला पैसे पुरले न्हाईत, बाळा.’ खरं उत्तर दिल्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. मुलांनी त्या दिवशी पाहिलं की विचारल्यावर मोठं माणूस रागावत नाही, थांबतं आणि खरं सांगतं.

आता माझी चूक.

माहिती गोळा करायला सोपं जावं म्हणून मी एक तक्ता आखून दिला होता. घरमालक, सरकारी खोल्या किती, वाढीव किती, जुन्या गावात घर कुठं होतं, घरात माणसं तेव्हा किती, आता किती. वर्गात बसून आखताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तक्त्यातल्या त्या ‘तेव्हा किती’च्या रकान्यानं घात केला. चौथीतला एक हुशार, चटपटीत मुलगा एका आज्जींच्या दारात गेला. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. यानं उभ्या उभ्या, पेन्सिल तयार ठेवून विचारलं, ‘भूकंपात तुमच्या घरातली किती मेली?’

आज्जी काही बोलल्या नाहीत. सूप तसंच ठेवून आत गेल्या. मुलगा बराच वेळ दारात थांबला, मग रकाना रिकामा ठेवून परत आला. मला म्हणाला, ‘त्यांनी सांगितलंच नाही.’ त्याच्या आवाजात तक्रार होती, कारण त्यानं मी सांगितलेलंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी आज्जींचा मुलगा शाळेत आला. ‘मॅडम, लेकरायला हेच शिकवूलालाव का? आई रात्री जेवली न्हाई.’ मी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच. माफी मागितली. त्या पोराला रागावू नका, तक्ता माझा आहे, म्हणाले.

संध्याकाळी मी एकटी आज्जींकडं गेले. त्यांनी बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. बराच वेळ दुसरंच बोलणं झालं, गुडघे, पाऊस, सोयाबीन. मग त्या म्हणाल्या, ‘मेली म्हणू न्हाई बाई, गेली म्हणावं. आन् असलं उभ्यानं इचारू न्हाई. बसावं. पाणी प्यावं. मग इचारावं.’ जरा वेळानं: ‘त्या पोराला पाठवून द्या. रिकामं पाठवलं मी त्याला.’

मुलगा जायला घाबरत होता. मी त्याच्यासोबत गेले, पण अंगणात थांबले. वही त्यानं स्वतःहूनच घरी ठेवली होती. आत काय बोलणं झालं ते सगळं मला ऐकू आलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही. किती माणसं गेली ते त्यानं विचारलं नाही, हे त्यानंच सांगितलं. त्यानं विचारलं होतं, ‘तुमचं दार कुठं होतं?’ आणि त्या दारावरून आज्जींनी त्याला आख्खं जुनं गाव फिरवून आणलं. दार उगवतीला. शिरल्या शिरल्या ढेळज, म्हणजे दारालगतची बसायची जागा. डाव्या हाताला बळद, त्यात ज्वारी. दारातून बाहेर पडलं की गल्ली सरळ जायची आणि मग वळायची, कारण मधे लिंब होता, कडुनिंबाचं झाड. लिंब कुणी तोडला नाही. जो तो घर बांधताना त्याला वळसा घालून बांधत गेला.

मुलगा वर्गात आला तो थेट त्या चौथीतल्या मुलीपाशी. ‘तुझ्या वाकड्या गल्लीचं सापडलं.’

नव्या गावात लिंब नव्हता. माळरानावर कागदावर आखणी झाली, पट्टीनं रेघा मारल्या गेल्या. वळावं असं मधे काहीच नव्हतं.

तक्ता मी फाडला. त्याच्या जागी वर्गात भिंतीवर आज्जींचं सांगणं लागलं, मुलांच्या अक्षरात: बसावं, पाणी प्यावं, मग इचारावं. आणि आमच्यात एक शब्द रूढ झाला, ‘दाराचा प्रश्न’. जड गोष्टीबद्दल विचारायचं असेल तर आधी तिच्या दाराचा प्रश्न शोधायचा. समोरच्या माणसाला आत न्यायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे कळतं. मला ते आधी शिकवायचं सुचलं नव्हतं. प्रश्न विचारायला शिकवण्याच्या ज्या कार्यशाळांना मी बसले, तिथं निर्भयपणे विचारा एवढंच सांगितलं गेलं. उत्तर देणाऱ्याच्या जिवाला काय होतं, याचा तास कुणी घेतला नाही.

दुसरा जड प्रश्न मोजमापातून आला, आणि तो मिटलेला नाही.

मोजलेली मूळ घरं तीन मापांची निघाली. लहान, मधली, मोठी. मोठी घरं एका बाजूला, लहान घरं दुसऱ्या बाजूला. पुनर्वसनाच्या वेळी नियमच तसा होता: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५०. जुन्या गावात कोणत्या गल्लीत कोण, हे बहुतेक जातीवरून ठरलेलं असे. नव्या गावात घराचं माप जमिनीवरून ठरलं. मी मुलांना नियम जसाच्या तसा सांगितला, शाळेच्या पटांगणात चुन्यानं तिन्ही मापं आखून दिली. २३ जण २५० चौरस फुटांच्या आखणीत उभे राहिले. मग त्यांनी तिथं चूल, घागरी, अंथरुणं, शेळी यांची जागा ठरवायला घेतली. शेळी बाहेर राहिली.

त्या खेळात एक मुलगी म्हणाली, ‘ज्याला रान नव्हतं त्याच्या घरी माणसं कमी होती का?’

मी तिला सांगितलं, मला उत्तर येत नाही. ग्रामसेवकांना विचारलं, ते या गावात अलीकडं आलेले. एक आबा म्हणाले, ज्याचा वाडा मोठा होता त्याला एवढ्याशा घरात कसं बसवायचं, असा विचार असंल सरकारचा. त्यांच्या शेजारी बसलेले दुसरे आबा काहीच बोलले नाहीत. मुलांनी दोघांचंही लिहून आणलं: एकांनी हे सांगितलं, एक गप्प बसले. गप्प बसणंही नोंदवायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यावर बोलणं झालं. एका पालकांचं म्हणणं होतं की लेकरांत हे घर-मोठं-घर-लहान आणू नका, एका बाकावर बसतात ती. त्यांचा हेतू वाईट नव्हता, गावात भांडण नको होतं. मी म्हटलं, घरांची मापं लेकरांनी स्वतः मोजली आहेत, ती आता न मोजल्यासारखी करता येत नाहीत. शेवटी असं ठरलं की वर्गात कुणाचं घर कोणत्या मापाचं यावर बोलायचं नाही, नियमावर बोलायचं. मला ही तडजोड मान्य आहे. तरी एक सल राहिला: लहान मापाच्या घरातली जी मुलं पहिल्यांदा तोंड उघडून बोलू लागली होती, ती त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात परत जरा गप्प झाली. घरी काही बोलणं झालं असणार. त्यांना परत बोलतं करायला मला दिवाळीपर्यंतचा वेळ लागेल असं दिसतंय.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जुन्या गावाला गेलो. सोबत दोन आबा, तीन आया आणि मुख्याध्यापक. जुन्या आडाला कठडा उरलेला नाही, तिकडं एक जण आधीच जाऊन उभा राहिला. दगडांचे ढीग, त्यांतून उगवलेल्या वेड्या बाभळी, मधेच एखादा शाबूत उंबरठा. मुलं बडबड करत निघाली होती, तिथं पोचल्यावर आपोआप हळू बोलायला लागली. एका आबांनी सांगितलं, आदल्या साली, १९९२ च्या पावसाळ्यापासूनच धक्के बसत होते, जमिनीतून आवाज यायचे, भांडी वाजायची. ‘मग तवाच का नाही गेलात?’ एकानं विचारलं. आबा खाली बसले होते, मुलगाही बसला होता. ‘कुठं जाणार लेकरा? रान हितं, जनावरं हितं. इचारलं आम्ही बी सगळ्यायला, काय व्हईल म्हणून. कुणालाच सांगता येईना.’

मग मुलांनी लिंब शोधला. एक सापडला. मग वीस-पंचवीस पावलांवर दुसरा. दोन्ही जुने, दोन्हींच्या भोवती दगड पडलेले. चौथीतली ती मुलगी पहिल्या लिंबाला वळसा घालून चालली, मग दुसऱ्याला. कोणत्या वळणाला गल्ली म्हणायचं ते ठरेना. दोन्ही झाडांच्या डहाळ्या घेऊन सगळे परत आले आणि आज्जींपुढं ठेवल्या, जणू पाल्यावरून ओळख पटेल.

आज्जींनी डहाळ्या हातात घेतल्या, हुंगल्या, बाजूला ठेवल्या. ‘पार बघितलाव का?’

मुलं एकमेकांकडं बघायला लागली.

‘आमच्या लिंबाला पार होता. घडीव दगडाचा. बसायला. कोणत्या झाडाला पार हाय ते न बघताच आलाव?’

कुणीच बघितला नव्हता. झाडाभोवती दगड होते, पण पाराचे की पडलेल्या भिंतीचे, हे बघायचं सुचलं नाही. त्या मुलानं, तक्ता घेऊन गेला होता त्यानं, विचारलं, ‘आज्जी, पार किती दगडांचा होता?’ त्या डोळे मिटून बसल्या. ओठ हलत होते, मोजत होत्या.

आता परत जायचं आहे. शिवारात सोयाबीनची काढणी चालू आहे, आया कामावर आहेत. रास झाली की जाऊ. या वेळी आज्जी म्हणतात, मी बी येते.